साठ मिनिटांची मॅच अडीच तास चालते, मग तुमचं ‘एका तासाचं काम’ किती चालतं?



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. ग्राहकाला तुम्ही “एका तासाचं काम आहे हो” असं सांगता, तेव्हा तो एक तास कुठल्या घड्याळातला असतो? हातात अवजार धरल्यापासून ते ठेवेपर्यंतचा? की घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा?

या विषयावर व्हिडिओत मी बोललोच आहे. पण आकडेमोड ऐकून डोक्यात बसत नाही, कागदावर बघितली की बसते. म्हणून हा लेख. उदाहरण जरा लांबचं घेतलंय, कॅनडा-अमेरिकेतल्या आईस हॉकीचं. थोडा धीर धरा, शेवटी आपण तुमच्याच गल्ल्यापाशी येणार आहोत.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यांसमोर येते. ही वेगळी. बर्फाच्या पृष्ठभागावर, पायात स्केट्स घालून, चेंडूऐवजी ‘पक’ नावाच्या रबरी चकतीने खेळतात. कॅनडा आणि अमेरिकेत मिळून नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा. बत्तीस संघ आहेत. तुमचा कोणी भाऊ-भाचा टोरांटोला असेल तर त्याला विचारा, थंडीत तिकडे संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

हेच उदाहरण का? कारण या खेळात दोन घड्याळं आहेत. एक बोर्डावर दिसतं, दुसरं प्रेक्षकाच्या मनगटावर असतं. दोन्ही वेगवेगळी चालतात आणि धंदा करणारा माणूस दोन्हींचा हिशेब ठेवतो. आपण बहुतेक जण एकाच घड्याळाचा ठेवतो आणि तिथेच मार खातो.

नव्वद मिनिटं गेली कुठे?

नियम सोपा आहे. २० मिनिटांचे तीन भाग, त्यांना पिरियड म्हणतात. म्हणजे एकूण ६० मिनिटं. पण टीव्हीसमोर बसलात तर उठायला साधारण अडीच तास लागतात. मधली दीड तासाची गोष्ट काय आहे, ते मांडून बघू.

फुटबॉलमध्ये चेंडू बाहेर गेला तरी घड्याळ पुढे धावत राहतं. इथे तसं नाही. रेफ्रीने शिट्टी मारली की घड्याळ थांबतं. खेळ परत सुरू झाला की मगच ते चालू होतं. त्यामुळे ६० मिनिटं म्हणजे खरोखर ६० मिनिटांचा खेळ, एक सेकंदही कमी नाही. आता बाकीचं:

- खेळ: ६० मिनिटं
- दोन मध्यंतरं, प्रत्येकी सुमारे १८ मिनिटांचं: ३६ मिनिटं
- टीव्हीच्या जाहिरातींचे ब्रेक, प्रत्येक पिरियडमध्ये तीन, म्हणजे एकूण नऊ, प्रत्येकी साधारण दोन मिनिटं: १८ मिनिटं

बेरीज झाली ११४. उरलेला अर्धा तास शिट्ट्यांमध्ये जातो. गोलीने पक दाबून धरला, पक काचेवरून प्रेक्षकांत गेला, कोणी ऑफसाइड झाला, कोणाला पेनल्टी लागली, गोल झाला. दर वेळी थांबायचं. मग दोन खेळाडू समोरासमोर उभे राहणार, त्यांच्या मध्ये अधिकारी पक टाकणार आणि खेळ परत सुरू होणार. याला फेस-ऑफ म्हणतात. एका मॅचमध्ये असे पन्नास-साठ फेस-ऑफ सहज होतात. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी अर्धा तास झाला. त्यात प्रत्येक संघाचा ३० सेकंदांचा टाइमआउट, एखाद्या गोलचा व्हिडिओ तपास आणि जाहीर वेळेनंतर काही मिनिटांनी होणारी सुरुवात मिळवा. झाले अडीच तास.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. या नव्वद मिनिटांना जो ‘वाया गेलेला वेळ’ म्हणतो, त्याला धंदा कळलेला नाही. पण जो म्हणतो की सगळीच नव्वद मिनिटं गरजेची आहेत, त्यालाही कळलेला नाही. कारण या थांबलेल्या वेळेत तीन वेगवेगळ्या जाती आहेत आणि प्रत्येक जातीशी वेगळं वागावं लागतं. मी त्यांना नावं दिलीत: बर्फाचा वेळ, गल्ल्याचा वेळ आणि शिट्टीचा वेळ.

पहिली जात: बर्फाचा वेळ

एनएचएलचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. २० मिनिटं धारदार स्केट्सनी त्यावर धुमाकूळ घातला की बर्फावर चरे पडतात, भुगा साठतो, पक सरळ जायच्या ऐवजी उड्या मारतो. म्हणून मध्यंतरात मोठी यंत्रं मैदानावर येतात. ती वरचा थर खरवडतात, भुगा उचलतात आणि पाण्याचा पातळ थर पसरवतात. ते पाणी गोठलं की आरशासारखा नवा पृष्ठभाग तयार.

हे यंत्र फ्रँक झाम्बोनी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात तयार केलं. त्याचं स्वतःचं स्केटिंगचं मैदान होतं. बर्फ सारखा करायला तिथे माणसं लावून तासाभराहून जास्त वेळ जायचा आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक ताटकळायचं. त्याने ते काम काही मिनिटांवर आणलं. आज या यंत्राला लोक सरळ ‘झाम्बोनी’च म्हणतात. एका छोट्या धंदेवाल्याची स्वतःची अडचण होती, तिच्यातून एक अख्खी कंपनी उभी राहिली, हेही लक्षात ठेवा.

पण मुद्दा पुढचा आहे. झाम्बोनीने काम जलद केलं, पण बंद केलं नाही. आणि पाणी गोठायला जो वेळ लागतो तो लागतोच, तिथे कोणाचीही घाई चालत नाही. “आज उशीर झालाय, या मध्यंतरात बर्फ राहू द्या” असं लीग म्हणत नाही. कारण खराब बर्फावर खेळ खराब होतो, खेळाडू जखमी होतात आणि प्रेक्षकाने पैसे मोजलेत ते चांगल्या खेळाचे.

तुमच्या धंद्यात बर्फाचा वेळ कुठला? पार्लर असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकानंतर अवजारं निर्जंतुक करण्याचा. फरसाणाचं दुकान असेल तर कढई घासण्याचा आणि तेल बदलण्याचा. शिवणकाम असेल तर मशीनला तेलपाणी करण्याचा, ट्रायल घेण्याचा. केक असेल तर स्पंज थंड होऊ देण्याचा. गरम स्पंजवर क्रीम लावलंत तर काय होतं ते मी सांगायला नको.

हा वेळ कमी करायचा असेल तर यंत्र आणा, पद्धत सुधारा. पण तो गाळू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे हा वेळ किमतीत धरा. ग्राहकाला तो दिसत नाही म्हणून तो फुकट होत नाही.

दुसरी जात: गल्ल्याचा वेळ

आता जाहिरातींचे ब्रेक. अनेक प्रेक्षकांची तक्रार असते की टीव्हीमुळे खेळ रेंगाळतो. तक्रार अगदीच खोटी नाही. स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला जाहिराती दिसत नाहीत, त्याला फक्त उभे राहिलेले खेळाडू दिसतात. पण टीव्हीवाले हक्कांसाठी लीगला प्रचंड पैसा देतात आणि तो पैसा या दोन-दोन मिनिटांतून वसूल करतात. ब्रेक काढून टाका आणि मग खेळाडूंचे पगार कशातून देणार ते सांगा.

मला यात शिकण्यासारखी वाटते ती ब्रेक घेण्याची शिस्त. प्रत्येक पिरियडमध्ये ६ मिनिटं, १० मिनिटं आणि १४ मिनिटं खेळ झाल्यानंतर जी पहिली शिट्टी वाजेल, तिथे ब्रेक. म्हणजे जाहिरातीसाठी खेळ मुद्दाम थांबवत नाहीत, तो आपोआप थांबला की संधी घेतात. आणि त्यातही अपवाद आहेत. नुकताच गोल झालाय? ब्रेक नाही, लोकांना जल्लोष करू द्या. एका संघाचा खेळाडू पेनल्टी भोगतोय आणि दुसरा संघ जास्त माणसांनिशी हल्ला करतोय? ब्रेक नाही, खेळ रंगलाय. आयसिंग झालंय? तरीही ब्रेक नाही.

हे आयसिंग समजून घ्या, मजा आहे. दमलेला संघ सुटकेसाठी आपल्या अर्ध्या मैदानातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून देतो. नियम म्हणतो, अशा संघाला त्या थांब्यावर खेळाडू बदलता येणार नाहीत, दमलेल्याच माणसांनी पुढे खेळायचं. आता तिथे दोन मिनिटांची जाहिरात लावली तर त्यांना आयती विश्रांती मिळेल आणि नियमाचा अर्थच जाईल. म्हणून जाहिरात थांबते. पैसा देणारी जाहिरात खेळाच्या न्यायासाठी थांबते, हे वाक्य परत वाचा.

आणि ब्रेकमध्ये फक्त जाहिरात होत नाही. फावडी घेतलेली छोटी टोळी त्याच वेळात बर्फावरचा भुगा काढून जाते. मध्यंतरातही तेच. बर्फ तयार होत असतो आणि त्याच वेळी बाहेर खाण्यापिण्याच्या स्टॉलवर आणि जर्सीच्या दुकानावर रांगा लागलेल्या असतात. एकाच १८ मिनिटांतून तीन कामं निघतात.

आता आपल्याकडे बघा. ग्राहक डिझाइन निवडण्यात रंगलाय आणि आपण मध्येच “मॅडम, आमची मेंबरशिप घ्या ना” म्हणून तोडतो. डोक्याला मसाज चाललाय, माणूस डोळे मिटून बसलाय आणि कानाशी फेशियलचं पॅकेज. ही गोल झाल्या झाल्या लावलेली जाहिरात आहे. विकायला हरकत नाही, विकलंच पाहिजे. पण शिट्टी वाजल्यावर. बिल करताना, रंग सुकेपर्यंत, पार्सल बांधेपर्यंत. आणि मोजून. लीगने पिरियडला तीन ठरवलेत तर तीनच. तुम्ही एका भेटीत एकच गोष्ट सुचवायची असं ठरवा आणि पाळा.

तिसरी जात: शिट्टीचा वेळ

ही जात सगळ्यात धोक्याची, कारण ती सुट्ट्या पैशांसारखी जाते. अर्धा मिनिट, पाव मिनिट, कोणाला जाणवत नाही. दिवसाच्या शेवटी खिसा रिकामा.

लीगलाही हे जाणवलं होतं. शिट्टी वाजल्यावर खेळाडू आरामात यायचे, बदली खेळाडू रमतगमत उतरायचे, फेस-ऑफच्या जागी घुटमळायचे. २००२-०३ च्या हंगामात लीगने फेस-ऑफ झटपट घेण्याचा नियम आणला. ठरलेल्या वेळेत बदली उरका, जागेवर उभे राहा, नाही राहिलात तरी पक टाकला जाईल. बघा, मध्यंतर छाटलं नाही, खेळाची ६० मिनिटं छाटली नाहीत, फक्त घुटमळणं छाटलं.

अमेरिकेतल्या बेसबॉलने तर २०२३ मध्ये याहून मोठं पाऊल टाकलं. चेंडू टाकणाऱ्यावर वेळेचं बंधन घातलं, म्हणजे दोन चेंडूंमधली चुळबूळ बंद. एका हंगामात मॅचची सरासरी लांबी सुमारे तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खेळ तेवढाच राहिला आणि सुमारे चोवीस मिनिटं वाचली.

शिट्टीच्या वेळात आणखी एक प्रकार येतो आणि तो तुम्हाला फार ओळखीचा वाटेल. २०१५-१६ पासून एनएचएलच्या प्रशिक्षकाला गोलच्या काही निर्णयांवर ‘चॅलेंज’ करता येतं, म्हणजे व्हिडिओ परत तपासायला लावता येतो. पण आता नियम असा आहे की आव्हान फसलं तर त्याच्या संघाला मॅच लांबवल्याबद्दल दोन मिनिटांची पेनल्टी. दोन मिनिटं एक माणूस कमी. म्हणून प्रशिक्षक खात्री असल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आता आठवा तुमच्या लोगो डिझाइनचा ग्राहक. “जरा रंग बदलून बघा ना”, “नाही, पहिलाच बरा होता”, “मिसेसना दाखवतो”. दर बदल फुकट असेल तर बदल संपणार कधी? दोन बदल किमतीत, तिसऱ्यापासून पैसे, हे कोटेशनमध्येच लिहा. भांडण करायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नियम आधी लिहिलेला असला की रेफ्रीला ओरडावं लागत नाही.

मॅच टाय झाली तर?

६० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर काय होतं, यात माझ्या मते सगळ्यात मोठा धडा आहे.

रोजच्या साखळी सामन्यात पाच मिनिटं जादा खेळ. २०१५-१६ पासून त्यात दोन्हीकडे फक्त तीन-तीन खेळाडू असतात, मैदान मोकळं, गोल पटकन होतो. तरी नाहीच झाला तर शूटआउट, जो २००५-०६ मध्ये आला. म्हणजे कितीही ताणलं तरी मॅच थोड्या वेळात संपणार. अनेक वर्षं एका संघाला एका हंगामात ८२ असे सामने खेळावे लागले आहेत. रोज किती वाजता सुटका होणार हेच माहीत नसेल तर प्रवास, हॉटेल, पुढचं शहर, सगळंच कोलमडेल. १९४२ मध्ये तर युद्धामुळे रेल्वेच्या वेळा इतक्या आवळल्या की लीगने साखळी सामन्यांतला जादा वेळच बंद केला. गाडी चुकण्यापेक्षा बरोबरी परवडली. तो जादा वेळ परत आला थेट १९८३-८४ मध्ये.

पण बाद फेरीत, म्हणजे स्टॅन्ली कपसाठीच्या प्लेऑफमध्ये, असली मर्यादा नाही. २०-२० मिनिटांचे पिरियड होत राहतात, जोवर कोणी गोल करत नाही. १९३६ च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलला डेट्रॉइट रेड विंग्ज आणि मॉन्ट्रियल मरून्स यांची मॅच सहाव्या जादा पिरियडपर्यंत गेली. मड ब्रुनेटो या नवख्या खेळाडूने शेवटी गोल केला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. खेळाची एकूण वेळ १७६ मिनिटं ३० सेकंद. जवळजवळ तीन मॅच एकाच तिकिटात!

दुसरं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२०, कोविडचा काळ. सगळे संघ मोजक्या ठिकाणी बंदिस्त, एकाच स्टेडियममध्ये दिवसाला अनेक मॅच. टोरांटोला ११ ऑगस्टला टँपा बे आणि कोलंबस यांची मॅच दुपारी सुरू झाली आणि पाचव्या जादा पिरियडमध्ये संपली. सहा तासांहून जास्त. त्याच बर्फावर त्या रात्री बोस्टन आणि कॅरोलायना खेळणार होते. ते तयार होऊन बसले होते. शेवटी त्यांची मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वर ढकलावी लागली.

यातून मी जे घेतो ते असं. रोजच्या कामाला वरची मर्यादा हवी. ती तुम्ही ठरवा आणि ग्राहकाला आधी सांगा. पण काही कामं प्लेऑफची असतात. लग्नाची ऑर्डर, पहिलं मोठं कंत्राट, एखाद्या कंपनीचं पहिलं काम. तिथे घड्याळ बघून हात वर करायचे नाहीत, संपेपर्यंत लढायचं. मात्र त्या दिवशी त्याच बर्फावर दुसरी मॅच लावायची नाही. लग्नाच्या रुखवताची ऑर्डर आणि त्याच संध्याकाळी वाढदिवसाचा केक, असं जो घेतो तो दोन्हीकडचे शिव्याशाप घेतो.

आता तुमची मॅच

चला, वही घ्या. समजा तुम्ही एसी सर्व्हिसिंगचं काम सुरू केलंय. एका एसीच्या कामाला ४५ मिनिटं लागतात. दर लावला ६०० रुपये. कर्जाचा अर्ज भरताना तुम्ही हिशेब केलात: दिवसाचे आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं, भागिले ४५, म्हणजे दहा कामं. दहा गुणिले ६००, रोजचे ६,००० रुपये. वा!

आता मनगटावरचं घड्याळ लावा:

- प्रवास: ३० मिनिटं
- सोसायटीच्या गेटवर नोंद, पार्किंग, शिडी शोधणं: १० मिनिटं
- प्रत्यक्ष काम: ४५ मिनिटं
- अवजारं धुणं, जागा पुसून देणं: १० मिनिटं
- ग्राहकाला समजावणं, त्यांच्या शंका: १० मिनिटं
- बिल आणि पेमेंट: ५ मिनिटं

एकूण ११० मिनिटं. ४८० भागिले ११० केलं की चार कामं आणि थोडा वेळ उरतो. चार गुणिले ६००, रोजचे २,४०० रुपये. त्यातून पेट्रोल, सामान, हेल्परचा पगार, हप्ता. हेल्परला तुम्ही ४५ मिनिटांचा पगार देत नाही ना? अख्ख्या दिवसाचा देता. झाम्बोनी चालवणाऱ्यालाही कोणी फक्त यंत्र फिरतं तेवढ्या मिनिटांची मजुरी देत नाही.

६,००० आणि २,४०० मधला हा फरक म्हणजे पहिल्या वर्षात बंद पडणारा धंदा. हा माणूस आळशी नसतो, त्याचं कामही वाईट नसतं. तो फक्त बोर्डावरचं घड्याळ बघून कर्ज घेतो आणि बँक मनगटावरचं घड्याळ बघून हप्ता मागते. मग तो रात्री दहापर्यंत काम करतो, रविवारी काम करतो, घरच्यांशी चिडचिड करतो आणि “आपल्याला धंदा जमत नाही” असं म्हणून नोकरी शोधायला लागतो. धंदा जमत होता हो, भागाकार चुकला होता!

मग करायचं काय? एक आठवडा प्रत्येक कामापुढे दोन रकाने करा: ‘खेळ’ आणि ‘एकूण’. दोन्हींतला फरक जितका असेल, त्यातल्या प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: बर्फ, गल्ला की शिट्टी. वरच्या उदाहरणात अवजारं धुणं हा बर्फ, तो राहणार आणि दरात येणार. समजावणं आणि बिल हा गल्ल्याचा वेळ होऊ शकतो, तिथेच वर्षाचा देखभाल करार सुचवा. प्रवास, गेट, शिडी ही शिट्टी. एका दिवशी एकाच भागातली कामं घ्या, स्वतःची घडीची शिडी ठेवा, येण्याआधी ग्राहकाला गेटवर नाव द्यायला सांगा. प्रवास ३० वरून १५ आणि गेटचा वेळ १० वरून ५ झाला तर ११० चे ९० होतात आणि दिवसाला पाच कामं बसतात. दर ६०० चा ७५० करा. पाच गुणिले ७५० म्हणजे ३,७५०. सहा हजार नाहीत, पण हा आकडा खरा आहे आणि खऱ्या आकड्यावर हप्ता भरता येतो.

“पण सर, ग्राहक पळून जाईल ना?”

हा प्रश्न येणारच. शेजारचा म्हणतो “अर्ध्या तासात करून देतो”, आणि मी दीड-दोन तास सांगितले तर?

काही ग्राहक जातील, खोटं कशाला बोलू? पण विचार करा. तुम्ही ६० मिनिटं सांगून १५० घेतलीत तर ग्राहकाच्या लक्षात फक्त जादाची ९० मिनिटं राहतात, काम कितीही चांगलं होवो. हॉकीचा प्रेक्षक अडीच तासांनी बाहेर पडताना “फसवलं” असं म्हणत नाही. कारण दोन्ही घड्याळांचा हिशेब त्याला आधीच माहीत असतो. खेळाची ६० मिनिटं त्याला पूर्ण मिळतात आणि संध्याकाळ अडीच-तीन तासांची धरूनच तो घरून निघतो.

तुम्हीही तसंच सांगा. “काम पाऊण तासाचं आहे, पण मी आल्यापासून दीड तास धरा. त्या पाऊण तासात मी फोनही उचलणार नाही.” हे वाक्य एकदा आरशासमोर म्हणून बघा. यात कमीपणा काही नाही, उलट वजन आहे.

आणखी एक शेवटचं, स्वतःसाठी. या खेळात जगातले सगळ्यात दमदार खेळाडूसुद्धा एका वेळी पाऊण-एक मिनिटच बर्फावर असतात, मग बाकावर बसतात. चांगल्या फॉरवर्डचा सगळा मिळून खेळ ६० पैकी २० मिनिटांच्या आसपास भरतो. बाकावर बसलेल्याला तिथे कोणी कामचुकार म्हणत नाही. पुढच्या वेळी पूर्ण ताकदीने उतरता यावं म्हणून तो बसतो. आपल्याकडे मात्र “मी दिवसाचे सोळा तास काम करतो” हे छाती फुगवून सांगतात. सोळा तासांतला खेळ किती आणि शिट्टी किती, हे विचारलं की गप्प होतात.

तर आजचा गृहपाठ एवढाच: उद्याच्या पहिल्या कामापासून दोन रकाने सुरू करा. मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरेल, वेगळं ॲप नको. सात दिवसांनी बेरीज करा, भागाकार करा आणि मगच दरपत्रकाला हात लावा.

पुढच्या व्हिडिओत ‘दर वाढवल्याचं जुन्या ग्राहकाला कसं सांगायचं’ हे बघू. तोपर्यंत तुमचे दोन रकाने भरलेले असू द्या.